काळ्यावरच डोळा

डोक्यावरच्या केसांची बदली कानावर झाली की ते नव्या जागी दुप्पट जोमाने कामाला लागतात. माझ्या कानांवरची ही भरती बायकोने हेरली. "अहो, मागून उजेड आला की कानाला झालर लावल्यासारखी दिसते," ती म्हणाली. कात्री झाली, चिमटा झाला. मग तिने 'लेझर' हा शब्द उच्चारला आणि माझी झोप उडाली. माझ्या माहितीतला लेझर पोलादाचा पत्रा कापत असे. पत्र्याला न जुमानणारा कानाला काय जुमानणार?

आधी एका सौंदर्यकेंद्रात चौकशी केली. तिथली मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "काही होत नाही सर, एकदम सेफ. आत्ताच बसता का?" तिने कातडीकडे पाहिलं नाही, कुठली औषधं चालू आहेत ते विचारलं नाही. यंत्र कोणतं, तर "लेटेस्ट". इतका निर्धास्त माणूस दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. फोन आल्याचं सोंग करून मी बाहेर पडलो.

त्वचारोगतज्ज्ञ बाई मात्र अगदी उलट. त्यांनी भिंग लावून कान पाहिला, हात उलटसुलट करून पाहिले, आणि म्हणाल्या, "काका, तुमची त्वचा पाचव्या प्रकारची." फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरांच्या वर्गवारीत त्वचेचे सहा प्रकार आहेत. पहिला उन्हात नुसता भाजून निघणारा गोरापान, सहावा सगळ्यांत काळा. मी शेवटून दुसरा. शाळेपासून आमचा नंबर तिथेच.

"लेझरला केस कळत नाही, रंग कळतो," त्या सांगू लागल्या. केसातलं मेलॅनिन, म्हणजे केसाला रंग देणारं द्रव्य, तो प्रकाश शोषतं, तापतं आणि ती धग मुळाला लागते. पंचाईत अशी की तेच मेलॅनिन कातडीतही असतं. म्हणजे 'चोराने काळा शर्ट घातलाय' एवढ्याच वर्णनावर पोलीस पाठवायचे आणि इथे अख्खी आळीच काळ्या शर्टात! सुक्याबरोबर ओलंही जळणार. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या दोन संशोधकांनी यातून वाट दाखवली: योग्य तरंगलांबीचा प्रकाश अगदी नेमका क्षणभरच सोडला तर लक्ष्य तापतं आणि शेजारी वाचतात. माझ्यासाठी ती वाट म्हणजे १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग नावाचा लेझर. तो वरच्या थरातल्या काळ्या शर्टांची फारशी चौकशी न करता खोल जातो. ७५५ चा अलेक्झांड्राइट माझ्यासारख्याला भाजायची शक्यता जास्त. 'लेटेस्ट' यंत्र यांपैकी कोणतं होतं, देव जाणे.

मग संमतिपत्र आलं. चार पानं. भाजणं, फोड, काळे डाग, पांढरे डाग, व्रण. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की क्वचित त्या भागात केस उलट वाढूही शकतात. मी पेन खाली ठेवलं. कान शेकून घ्यायचा आणि वर झालरीची मच्छरदाणी करून घ्यायची?

"आणि कॅन्सर?" मी आवाज बारीक करून विचारलं.

"हा प्रकाश क्ष-किरणांसारखा डीएनए तोडत नाही, तापवतो फक्त. यामुळे कॅन्सर होतो असं आढळलेलं नाही. उन्हात टोपी घालता का?"

"नाही."

"मग लेझरचं सोडा, सूर्याचं बघा."

आधी कानामागे पॅच टेस्ट झाली, म्हणजे एवढ्याशा जागेवर लेझर मारून चाचणी. पुढे आठवडाभर मी दोन आरसे धरून त्या जागेवर पहारा दिला. एकदा काळा डाग दिसला तेव्हा घर डोक्यावर घेतलं. "अहो, तो तीळ आहे, लग्नाच्या आधीपासूनचा," बायको म्हणाली. तिळावर लेझर मारायचा नसतो, हे बाईंनी आधीच बजावलं होतं आणि तो झाकायचं त्यांच्या वहीत लिहिलेलंही होतं.

केस उपटायचे नाहीत, अशी ताकीद होती. मूळच नसेल तर लेझरने तापवायचं काय? आदल्या दिवशी वस्तरा फिरवायचा. कानावर वस्तरा कसा फिरवतात हे कुणी शिकवत नाही. या सगळ्या उपचारात रक्त निघालं ते एवढंच, आणि तेही माझ्याच हातून.

प्रत्यक्ष दिवशी सगळ्यांनी डोळ्यांवर गॉगल चढवले. साधा काळा चष्मा चालत नाही, त्या तरंगलांबीचाच लागतो. १०६४ चा प्रकाश दिसतच नाही, त्यामुळे पापणीलाही मिटायची वर्दी मिळत नाही. कानाच्या भोकात कापूस, वर गार हवेचा झोत. "रबरबँड सोडल्यासारखं वाटेल," बाई म्हणाल्या. रबरबँड हत्तीसाठी बनवलेला असावा. चट, चट, चट, आणि केस जळल्याचा वास. आणि तो वास आपलाच, हे कळायला थोडा वेळ लागतो. संमतिपत्र वाचायला लागला त्याच्या निम्म्यातही काम उरकलं. कान तासभर लाल राहिले, इतकंच.

केस आळीपाळीने वाढतात, म्हणून असे फेरे महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने घालावे लागतात. तिसऱ्या फेरीनंतर काळे केस जवळजवळ नाहीसे झाले. राहिले ते पांढरे. काळ्यांच्या गर्दीत इतकी वर्षं लपलेले ते सात-आठ जण आता मोकळ्या माळावरच्या विजेच्या खांबांसारखे उभे होते.

"पांढऱ्यात रंगच नाही, लेझर पकडणार कशाला? हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काका. तिसऱ्या पानावर आहे."

असेल. मी दुसऱ्या पानावरच्या मच्छरदाणीतून बाहेरच आलो नव्हतो.

घरी आलो. बायकोने मला खिडकीपाशी बसवलं, कान धरला आणि चिमटा हातात घेतला. तिने गॉगल दिला नाही, गार हवा सोडली नाही, की कशावर सहीही मागितली नाही.