एकट्याने सागरप्रदक्षिणा: खास इंदूरकरांसाठी

गावाला समुद्र नाही, ही सबब आता पुरे. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आणि मुंबई जवळपास 600 किलोमीटर लांब, हे कबूल. पण शिडाच्या बोटीतून एकट्याने महासागर ओलांडताना जो छळ होतो, त्यातला बराचसा लाटांमुळे होतच नाही. तो रामबागेतल्या दोन खोल्यांतही उत्तम करून घेता येतो.

भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे 2009-10मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून एकटे जगाला वळसा घालून आले, वाटेत चार बंदरांत थांबून. त्याच बोटीवरून अभिलाष टॉमी 2012-13मध्ये कुठेही न थांबता आले. तुमची बोट बिलावली तलावात उतरेल तेव्हा उतरेल, आधी झोपेचं बघा.

टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम म्हणतो की बोटीवर डोळ्यांचा आणि कानांचा पहारा अखंड हवा. एकट्या माणसाने झोपायचं कधी, यावर नियमात अवाक्षर नाही. म्हणून एकटा दर्यावर्दी झोपत नाही, तो वीस-वीस मिनिटं डोळे मिटतो. 20 नॉटने येणारं मालवाहू जहाज तेवढ्यात 12 किलोमीटर कापतं. तेव्हा दर वीस मिनिटांनी गजर लावा, गच्चीवर जा, चहूबाजूंनी नजर फिरवा, वहीत वेळ टिपा, परत या. इंदुरात अडचण एकच: रात्री बाराच्या फेरीला गेलेला खलाशी थेट सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात सापडतो.

पाण्याचा सराव तुमचा झालेलाच आहे. जलूदहून 70 किलोमीटर चढून येणारी नर्मदा तुमच्या नळाला एक दिवसाआड भेटते. दिवसाला तीन लिटर धरले तरी दीडशे दिवसांचे साडेचारशे लिटर होतात, म्हणजे साडेचारशे किलो वजन. ‘त्यापेक्षा समुद्राचंच पाणी गोड करू’ असं म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावं, त्या यंत्राला घरच्या आरओच्या साधारण दहापट दाब लागतो. तो देणारा पंप बिघडतो. कधी, ते विचारू नका.

आता मुख्य विषय: संडास. बोटीच्या संडासात चोचीच्या आकाराचा एक रबरी व्हॉल्व्ह असतो. गेलेलं परत येऊ न देणं, एवढंच त्याचं काम. पण समुद्राचं पाणी आणि लघवी एकत्र आली की पाइपात चुन्याचा थर धरतो, चोच मिटत नाही आणि गेलेलं परत येतं. पाइपात अधूनमधून व्हिनेगर सोडा, दोन-तीन व्हॉल्व्ह जादा ठेवा. बदलायची वेळ येते तेव्हा बोट वीस अंश कललेली असते आणि पाइप आवळणाऱ्या पट्टीचा स्क्रू फक्त डाव्या हाताला लागतो.

डिझेल इंजिनाचंही तेच. टाकीच्या तळाचा गाळ बंदरात शहाण्यासारखा बसून असतो, लाटांत ढवळला की फिल्टरमध्ये जातो. इंजिन बंद पडतं, अर्थात गरज असेल तेव्हाच. फिल्टर बदला, मग आत शिरलेली हवा काढा: फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, पंपाचा छोटा दांडा हाताने हलवत राहा, बुडबुडे संपून निखळ डिझेल आलं की स्क्रू आवळा. याच क्षणी पाना हातातून निसटून बोटीच्या तळाशी साचलेल्या काळ्या पाण्यात जातो.

इथे मराठी माणसाची खरी कसोटी लागते. घरी पाना सापडला नाही की ‘इथला पाना कोणी उचलला?’ असं ओरडता येतं आणि निदान तीन संशयित हजर असतात. भर समुद्रात एकच. एकटेपणाचं फार कौतुक होतं, पण दोष द्यायला कोणी नसणं याची तयारी कोणी करून घेत नाही. तेव्हा आठवडाभर घरातल्या कुठल्याही बिघाडाबद्दल कोणालाही काहीही बोलू नका. बहुतेकांची सफर इथेच संपते.

जे टिकतील त्यांनी शीड आखूड करायला शिकावं. वारा वाढेलसं वाटलं की तेव्हाच करा, वाढल्यावर नव्हे. शीड सैल सोडा, वरचा दोर खुणेपर्यंत उतरवा, पुढची कडी हुकात अडकवा, वरचा दोर पुन्हा ताणा आणि मगच मागचा दोर ओढा. मागचा आधी ओढलात तर कडीपाशी कापड फाटतं. आपला पट्टा बोटीला अडकवलेला असू द्या, कारण पडलात तर बोट एकटीच पुढे जाते. हे सगळं अंधारात, भिजून, अर्ध्या तासात झालं की वारा पडतो.

परत आल्यावर सत्कार होईल. पहिल्या रांगेतले काका विचारतील, ‘रात्री नांगर टाकूनच झोपत असाल, नाही का?’ महासागराची सरासरी खोली सुमारे 3,700 मीटर आणि बोटीवरची साखळी साठ-सत्तर मीटर, हा हिशेब मांडू नका. ‘हो काका’ म्हणा. मागे पोहे-जिलबी गार होत असते.