‘लाईट असताना इन्व्हर्टर बंद ठेवा’ या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला ठाण्यातल्या तीन सोसायट्यांमधून आला. त्यात पाच सूचना आहेत. लाईट असताना इन्व्हर्टर बंद ठेवा, नाहीतर बॅटरी सतत चार्ज होऊन फुटते. महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवा. ओव्हरलोडने सारखा बंद पडत असेल तर फ्यूजला जाड तार लावा. बॅटरीतलं पाणी कमी झालं की आरओचं घाला. वायरिंगचं काम करताना मेन पाडला की पुरे. मी कळव्यात राहतो, इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. यातल्या काही सूचनांनी पैसे वाया जातील, पण तिसरी आणि पाचवी जिवावर बेतणारी आहे, म्हणून लिहितोय.

पहिली सूचना. इन्व्हर्टर बॅटरीत आंधळेपणाने करंट ढकलत बसत नाही. बॅटरी उतरलेली असते तेव्हा तो जास्त करंट देतो. व्होल्टेज साधारण १४.४ पर्यंत चढलं की हात आखडता घेतो आणि बॅटरी भरल्यावर १३.७ च्या आसपास नुसती धरून ठेवतो. यात थोडी वीज जाते, हे मान्य. पण बहुतेक घरगुती इन्व्हर्टरमध्ये पुढचा स्विच बंद केला तरी चार्जिंग चालूच राहतं. बंद होतो तो फक्त बॅकअप. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, तेव्हा मला आलेल्या फोनपैकी कितीतरी घरांत बॅटरी भरलेली होती आणि स्विच बंद होता.

मग बॅटरी फुटते कशाने? चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. ठिणगी येते ढिल्या नटातून. कोपरीतल्या एका घरात बॅटरी चपलांच्या कपाटात, दार घट्ट लावून ठेवली होती. टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड चढलेली, नट बोटांनी फिरत होता, पाण्याची पातळी दाखवणारे सहाही फ्लोट लाल खुणेच्या खाली. त्या बाईंनी मेसेज वाचून स्विच मात्र रोज न चुकता बंद केला होता. पाणी, नट आणि कपाटाचं दार इन्व्हर्टरला दिसत नाही. ते आपणच बघायचं असतं.

दुसरी सूचना जुन्या निकेल-कॅडमियम सेलवरून आलेली असावी, ते अधूनमधून पूर्ण उतरवायला सांगत. आपली ट्युब्युलर बॅटरी शिसं आणि आम्लाची. ती उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळतं, तशीच पडून राहिली तर कडक होतं आणि तेवढी बॅटरी कायमची गेली. म्हणूनच व्होल्टेज १०.५ च्या जवळपास आलं की इन्व्हर्टर आधी बीप देतो आणि मग स्वतःहून बंद होतो. त्यानंतर लोक काय करतात? स्विच बंद-चालू करतात. लोड निघाल्यामुळे व्होल्टेज जरा वर आलेलं असतं, पंखा पाच मिनिटं फिरतो, पुन्हा बंद. असं तीन-चारदा केलं की बॅटरी जिथपर्यंत उतरू नये तिथपर्यंत उतरते. आपल्याकडे लाईट फारशी जात नाही, त्यामुळे महिन्यातून अर्धा-पाऊण तास बॅटरीवर चालवून बघायला हरकत नाही. बीप वाजेपर्यंत ताणू नका.

तिसऱ्या सूचनेचा मला खरोखर राग येतो. लाईट नसताना लोड जास्त झाला तर आतलं सर्किट ते ओळखतं आणि मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे आतले भाग, जळायच्या आत पुरवठा तोडतं. बारा व्होल्टच्या बॅटरीतून ६०० वॅट काढायचे तर ५० अँपिअरच्या वर करंट लागतो, म्हणून तर बॅटरीच्या वायरी इतक्या जाड असतात. पण लाईट असताना गोष्ट वेगळी असते. तेव्हा बाहेरचीच वीज इन्व्हर्टरच्या रिलेमधून (बाहेरची वीज आणि बॅटरी यांत अदलाबदल करणाऱ्या स्विचमधून) सरळ घरात जाते आणि तिला आवर घालणारा असतो फक्त मागचा फ्यूज किंवा ट्रिप स्विच. तिथे तार बांधली की इस्त्री, गिझर, काहीही लावा, कोणी अडवत नाही. घणसोलीत मी अशी एक पेटी उघडली. रिलेचं प्लास्टिक वितळून बोर्डावर ओघळलं होतं, मागचा सॉकेट तपकिरी झाला होता. घरच्यांना चार दिवस जळका वास येत होता. फ्यूज जात असेल तर लोड कमी करा, तार जाड करू नका.

पाण्याबद्दल एवढंच: आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. डिस्टिल्ड वॉटरच घाला. अ‍ॅसिड कधीच घालू नका, कारण उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच असतं.

आता पाचवी. मेन पाडला की इन्व्हर्टरच्या दृष्टीने लाईट गेली. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो बॅटरीवरून घरातल्या दिव्या-पंख्यांच्या लाईनला २३० व्होल्ट द्यायला लागतो. पंख्याचा कंडेन्सर बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाच्या हातात तेच २३० व्होल्ट येतात. बॅटरी बारा व्होल्टची आहे, ती काय करणार, असं मला शिकलेल्या लोकांनी विचारलंय. पण त्याच बारा व्होल्टचे इन्व्हर्टर २३० करतो. म्हणून आधी मेन पाडा, मग इन्व्हर्टरचा पुढचा स्विच बंद करा, आणि स्टुलावर चढल्यावर वायरला हात लावण्याआधी टेस्टर लावा. मेसेजमध्ये रोज बंद करायला सांगितलेला तो स्विच खरा याच वेळी बंद करायचा असतो.