पाडलेली इमारत जाते कुठे?

मुंबईत सध्या जिकडे जावं तिकडे एकच विषय, पुनर्विकास. कार्पेट (घरातली वापराची जागा) किती वाढणार, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) किती, भाडं वेळेवर मिळेल का, यावर सोसायटीच्या सभा रात्री उशिरापर्यंत चालतात. आपली उभी इमारत पाडल्यावर ती जाते कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही. मला हा प्रश्न कार्पेटइतकाच महत्त्वाचा वाटतो.

जुनं काही पाडूच नये, असं माझं म्हणणं नाही. बीडीडी चाळींत 160 चौरस फुटांत पिढ्यान् पिढ्या संसार झाले. त्या कुटुंबांना 500 फुटांचं घर मिळतंय, याचा मनापासून आनंद आहे. पण नीट दुरुस्ती केली तर आणखी वीस-तीस वर्षं सहज टिकतील अशा इमारतीही एफएसआयच्या (भूखंडावर किती बांधकाम करता येतं, त्या प्रमाणाच्या) हिशेबापायी पाडल्या जातात, तेव्हा जीव तुटतो. चक्राकार अर्थव्यवस्था म्हटलं की आपण प्लास्टिकच्या बाटल्यांवर येऊन थांबतो. खरं तर आहे ते वापरात ठेवणं हा तिचा पहिला भाग, रिसायकलिंग नंतरचं.

गिरगाव-परळकडे एखादी चाळ उतरवत असतील तर जरा थांबून बघा. आधी सागवानी दारं-खिडक्या चौकटीसकट निघतात, मग तुळया, मंगलोरी कौलं, जिन्याचे बिडाचे कठडे. एक जण उकिडवा बसून फळ्यांतले खिळे उपसत असतो. स्लॅब फोडला की घणाचे घाव घालून सळया मोकळ्या करतात. लाकूड जुन्या बाजारात जातं, सळया भट्टीत. खनिजापासून नवं पोलाद करण्यापेक्षा भंगार वितळवायला खूपच कमी ऊर्जा लागते. हे सगळं घडतं कारण त्याला भाव आहे. आणि ते करणाऱ्या माणसांकडे ना हेल्मेट, ना हातमोजे.

काँक्रीटला भाव नाही. म्हणून डेब्रिजचे, म्हणजे पाडकामाच्या राडारोड्याचे, डंपर रात्री खाडीकाठी, खारफुटीत रिकामे होतात. 26 जुलै 2005 अनुभवलेल्या शहरात! इकडे नव्या टॉवरसाठी पुन्हा डोंगर फोडून खडी येते, पुन्हा सिमेंट येतं. सिमेंटसाठी चुनखडी भाजली की त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टीला कितीही स्वच्छ इंधन द्या, तो सुटणारच. जगभरातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण 7 ते 8 टक्के आहे. जुन्या काँक्रीटची खडी केल्याने डोंगर आणि खाडी वाचते, सिमेंट फारसं वाचत नाही. ते वाचवायचं तर धडधाकट इमारत टिकवणं, आणि नवी बांधताना फ्लाय अॅश (औष्णिक वीजकेंद्रातली राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घातलेलं सिमेंट वापरणं, हेच मार्ग आहेत.

नियमांची अडचण नाही. बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याचे स्वतंत्र नियम 2016 सालीच आले. त्याच वर्षीच्या आयएस 383 या भारतीय मानकानुसार एम 25 या प्रतीपर्यंतच्या आरसीसीत (सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये) एकूण खडीपैकी 20 टक्क्यांपर्यंत, साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत जुन्या काँक्रीटची खडी चालते.

आमच्या सोसायटीने कराराच्या मसुद्यात तीन गोष्टी घालायला सांगितल्यात: डेब्रिज प्रक्रिया केंद्रात पोचल्याच्या पावत्या सोसायटीला द्यायच्या, आवारातले पेव्हर ब्लॉक आणि पायाखालचं पीसीसी (सळया नसलेलं साधं काँक्रीट) जुन्या काँक्रीटच्या खडीचं करायचं, पाडकाम करणाऱ्यांना सुरक्षेची साधनं द्यायची. बिल्डरच्या वकिलांचं उत्तर यायचंय. तुमच्याकडे अशा अटी मान्य झाल्या असतील तर करारातला तेवढा मजकूर कमेंटमध्ये टाका, पुढच्या सभेत दाखवायला हवाय.