‘हात धुवा’ सांगायला पदवी कशाला? – ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

निकालांचा मोसम आला की सोलापुरातल्या ग्रुपवर करिअरचे सल्ले सुरू होतात. सध्या त्यातला एक मजकूर फार फिरतोय. बीएस्सी, नर्सिंग किंवा बीएसडब्ल्यू झालेल्या मुलामुलींनी सार्वजनिक आरोग्यातलं मास्टर्स करू नये, त्यातही आरोग्य संवर्धन आणि आरोग्य शिक्षण हा विषय तर घेऊच नये, असं त्यात ठासून सांगितलंय. कारणं पाच दिली आहेत. एक, ‘हात धुवा, पाणी उकळा’ एवढं सांगायला दोन वर्षं कशाला? दोन, ते काम आशाताई थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणावर करतात. तीन, सगळी माहिती मोबाइलवर आहे, तरी लोक ऐकत नाहीत, म्हणजे विषयच फोल. चार, आरोग्य हे डॉक्टरांचं काम. पाच, नोकरी नाही.

मी हाच विषय शिकले आणि याच शहरात हे काम करते. मेसेज वाचून दोन-तीन मुलींनी प्रवेशाचा विचार सोडल्याचं कानावर आलं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

पहिला मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो, तेव्हा त्यावर थोडं थांबू.

पूर्व भागातली कुठलीही विडी कामगारांची गल्ली घ्या. दुपारी उंबऱ्याशी बाई बसलेली असते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात कापून ठेवलेली पानं. बोटं सतत चालू. मजुरी हजार विड्यांवर मिळते, म्हणजे हात थांबला की पैसे थांबले. मधेच चहा येतो, तो त्याच हातानं घेतला जातो. रांगत आलेल्या लेकराला त्याच हातानं बिस्किट दिलं जातं. नळाला पाणी कित्येक वर्षं चार-पाच दिवसांआड येतंय, त्यामुळे घरातला प्रत्येक हंडा हिशेबानं वापरायचा. शिवाय ओल्या हाताला तंबाखू चिकटतो, विडी नीट वळत नाही.

या बाईला हात धुवावेत हे ठाऊक आहे. तुम्ही विचारा, ती तुम्हालाच चार कारणं सांगेल. तिच्या भिंतीवर आणखी एक पोस्टर लावून काय होणार? आरोग्य शिक्षणाचं काम सुरू होतं ते इथून पुढे. ती दिवसात नेमकी कधी उठते? कारखान्यात विड्या पोचवायला कधी जाते? पाणी कुठे साठवते, घरात ते कोण वापरतं? कामाच्या मधे दहादा हात धुणं तिला परवडत नाही, पण चहाच्या आधी आणि लेकराला भरवण्याआधी, असे दोनच प्रसंग ठरवले तर जमेल का? उंबऱ्याशी तोटीचा छोटा डबा, कोरडं फडकं आणि साबण ठेवला तर फरक पडतो का? पडला की नाही, हे मोजायचं कसं? दोन वर्षांत हे शिकवलं जातं. गल्ली कशी समजून घ्यायची, लोकांशी बोलून माहिती कशी गोळा करायची, नमुना कसा निवडायचा, उपाय आधी छोट्या प्रमाणावर कसा करून बघायचा आणि तो फसला तर ते आकड्यांवरून कसं ओळखायचं, ही सगळी त्यातली पानं आहेत.

हा विचार नवाही नाही. १९८६ साली कॅनडातल्या ओटावा इथे आरोग्य संवर्धनाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिच्या सनदेत पाच कामं सांगितली आहेत: आरोग्याला पोषक सरकारी धोरण, पोषक परिसर, समुदायाची स्वतःची कृती, माणसाची वैयक्तिक कौशल्यं आणि आरोग्यसेवेची नव्याने मांडणी. ‘हात धुवा’ सांगणं यातल्या चौथ्या कामाचा एक तुकडा. विडी कामगारांच्या वस्तीत पाणी किती दिवसांनी येतं, हा प्रश्न पहिल्या दोन कामांत मोडतो आणि तोही आमच्याच विषयाचा आहे. आषाढीला पंढरपुरात लाखो लोक येतात तेव्हा ‘उघड्यावर बसू नका’ असं ओरडून भागत नाही. पालखीमार्गावर पुरेशी शौचालयं, त्यांना पाणी, ती साफ करणारी माणसं आणि बायकांसाठी उजेड लागतो. याचं नियोजन म्हणजे आरोग्य संवर्धनच.

आता आशाताईंचा मुद्दा. आशाताईंबद्दल मला नितांत आदर आहे आणि मेसेजनं त्यांच्या नावाचा वापर करून हा विषय हलका ठरवावा, याचा राग येतो. २००५ पासून गावागावांत त्या उभ्या आहेत, मानधन तुटपुंजं आणि कामं वाढत चाललेली. पण त्यांच्या हातात जी पुस्तिका आहे, ती कुणी लिहिली? नवजात बाळाच्या घरभेटीत काय बघायचं, कोणत्या क्रमानं बघायचं, कोणतं लक्षण दिसलं की दवाखान्यात पाठवायचं, हे कुठून आलं?

ते गडचिरोलीतून आलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत, गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. ज्या गावांत हे काम झालं नव्हतं त्यांच्याशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. पुढे हीच पद्धत देशभरातल्या आशांच्या प्रशिक्षणात आली. गावातल्या बाईला एवढं अवघड काम करता येईल असं प्रशिक्षण बांधणं, ते तपासणं आणि दुसऱ्या जिल्ह्यांतही चालेल असं करणं, यामागे वर्षानुवर्षांचा अभ्यास आहे. आशाताई आहेत म्हणून या विषयाची गरज संपत नाही. त्यांना चांगलं प्रशिक्षण, कामाचं नीट नियोजन आणि त्यांची अडचण ऐकून बदल करणारं कुणीतरी हवं असतं, त्यासाठी हा विषय जास्तच लागतो.

लोहाच्या गोळ्यांचंच बघा. गोळ्या पोचवल्या जातात, नोंदवहीत टिक होते. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमधलं रक्तक्षयाचं प्रमाण चौथ्या फेरीत ४८ टक्के होतं, ते पाचव्या फेरीत ५४.२ टक्क्यांवर गेलं. याची कारणं अनेक आहेत, आहारापासून मोजण्याच्या पद्धतीपर्यंत. पण एक कारण आम्हाला घराघरांत दिसतं. फडताळावरच्या डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या पडून असतात. विचारलं तर बाई सांगते, मळमळतं, शौचाला काळी होते, बाळ काळं होईल असं सासूबाई म्हणतात. जी घेते ती चहाबरोबर घेते, आणि चहानं लोह अंगात शोषलं जाणं कमी होतं. गोळी जेवणानंतर घेऊन बघा, काळा रंग लोहामुळेच येतो आणि त्याला घाबरायचं कारण नाही, लिंबू किंवा पेरूबरोबर घेतली तर अंगी लागते, हे सगळं त्या सासूबाईंना समोर बसवून, त्यांच्या घरच्या तेलुगू किंवा कन्नड बोलीत बोलावं लागतं. आशाताईंच्या नोंदवहीत या संभाषणाला रकाना नाही. तो असायला हवा, हे ठरवणारा माणूस आमच्या विषयातून तयार होतो.

तिसरा मुद्दा, ‘माहिती मोबाइलवर आहे, तरी लोक ऐकत नाहीत’. यातलं दुसरं वाक्य खरं आहे आणि त्यातूनच हा विषय जन्माला आला. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाच्या तपासणीसाठी छातीचे मोफत एक्स-रे काढणाऱ्या गाड्या वस्तीत उभ्या राहायच्या, आणि लोक यायचे नाहीत. का येत नाहीत, हे शोधायला तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेतले मानसशास्त्रज्ञ बसले. हॉकबाउम यांना आढळलं की आपल्यालाही क्षय होऊ शकतो आणि लवकर कळल्यास फायदा आहे, या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या त्यांतल्या ८२ टक्के लोकांनी आपणहून एक्स-रे काढला होता. दोन्ही पटल्या नव्हत्या त्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. त्यातून पुढे आरोग्य-विश्वासाचं प्रारूप, म्हणजे माणूस कोणत्या समजुतींवरून आरोग्याचा निर्णय घेतो याची मांडणी आली, जी आजही पहिल्याच सत्रात शिकवतात.

याहून बोलकं उदाहरण बांगलादेशातलं. १९८० ते १९९० या काळात ‘ब्रॅक’ संस्थेच्या कार्यकर्त्या एक कोटीहून जास्त घरांत गेल्या आणि जुलाबावर मीठ-गुळाचं पाणी कसं करायचं हे आयांना शिकवलं. आईला किती लक्षात राहिलं, त्यावर कार्यकर्तीचा पगार ठरायचा. आयांना चोख पाठ झालं. पण बाळाला जुलाब झाल्यावर ते पाणी देणाऱ्या सुरुवातीला फारच थोड्या निघाल्या. शोध घेतल्यावर दिसलं की खुद्द कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरातल्या पुरुषांना यात कुणी विचारलंच नव्हतं. मग कार्यकर्त्यांना प्रयोगशाळेत नेऊन ते पाणी कसं काम करतं हे दाखवलं, पुरुषांच्या सभा घेतल्या, आणि वापर वाढला. लोक ऐकत नाहीत म्हणून त्यांनी काम बंद केलं नाही, का ऐकत नाहीत ते शोधलं. हे शोधायचं शास्त्र असतं.

चौथा मुद्दा मला सगळ्यात चुकीचा वाटतो, कारण त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत आहे. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांसाठी. खेड्यात कर्करोगाची नोंद करायची तर दवाखान्यात बसून भागेना, कारण रुग्ण तिथपर्यंत येतच नव्हते. म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली, लोकांशी बोलली, अंगावरून जाणं किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं याकडे दुर्लक्ष करू नका हे सांगत राहिली, संशय आला तर बाईला तपासणीला घेऊन आली. १९९५ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं निदान आधीच्या टप्प्यात होणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं होतं. नवं यंत्र आलं नव्हतं, नवं औषध आलं नव्हतं. लोकांशी सातत्यानं केलेलं बोलणं होतं. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात याच रुग्णालयाच्या सहभागानं एक लाख तीस हजारांवर बायकांचा मोठा अभ्यास झाला. २००९ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू शोधणाऱ्या एचपीव्ही चाचणीबद्दलचं जगाचं मत घडवलं. चाचणी डॉक्टरांची, पण तीस ते एकोणसाठ वयाच्या, काहीही त्रास होत नसलेल्या बाईला शेतातलं काम टाकून त्या तपासणीला यायला राजी करणं हे वेगळं काम होतं, आणि ते झालं नसतं तर अभ्यासच उभा राहिला नसता.

डॉक्टरांनाही हे माहीत आहे. बंग दांपत्य आणि खेड्यापाड्यांत आरोग्याचं काम उभं करणारे जामखेडचे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे, हे चौघेही डॉक्टर झाल्यानंतर मुद्दाम अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. एमबीबीएस पुरेसं असतं तर त्यांना तिथे जायचं कारण नव्हतं.

राहिला नोकरीचा मुद्दा. इथे मी गोड बोलणार नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात विस्तार व माध्यम अधिकाऱ्याचं पद आहे, तंबाखू नियंत्रण कक्षात जिल्हा सल्लागार असतो, राष्ट्रीय आरोग्य अभियानात कार्यक्रम समन्वयक असतात. पण अभियानातली बहुतेक पदं अकरा महिन्यांच्या करारावर आहेत, आणि अनेक जाहिरातींत या पदवीचा उल्लेखही नसतो. हा अन्याय आहे आणि तो बदलावा यासाठी भांडायला हवं. अमेरिकेत आरोग्य शिक्षकांसाठी १९९० पासून स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा आहे. तशी व्यवस्था आपल्याकडे व्हायला हवी. पण ‘नोकरी नाही’ हे विधान खोटं आहे. सामाजिक संस्था, संशोधन प्रकल्प, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून चालणारे कार्यक्रम, मोठी रुग्णालयं, सगळीकडे ही माणसं घेतात. सोलापूर सोडावं लागेल, निदान सुरुवातीची काही वर्षं, हे मात्र धरून चाला.

प्रवेश घेणाऱ्यांनी मेसेजपेक्षा कॉलेजला प्रश्न विचारावेत. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ, तिरुअनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र, अशा ठिकाणी सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक्रम आहेत, प्रवेशाच्या अटी वेगवेगळ्या आहेत. कुठेही जा, पण फी भरण्याआधी विचारा: प्रत्यक्ष वस्तीत किती आठवडे काम असतं? संख्याशास्त्र आणि साथरोगशास्त्र कोण शिकवतं, संगणकावर स्वतः आकडे हाताळायला मिळतात का? मागच्या तुकडीचे विद्यार्थी आता कुठे आहेत, त्यांच्याशी बोलता येईल का? जिथे या तिसऱ्या प्रश्नावर फोन नंबर मिळण्याऐवजी माहितीपुस्तिका हातात ठेवतात, तिथे पैसे भरू नका. आणि ज्या मुलींनी मेसेज वाचून विचार सोडलाय, त्यांनी प्रवेशाच्या तारखा निघून जाण्याआधी वरच्यापैकी एका तरी ठिकाणच्या विद्यार्थ्याला फोन करावा.