फवारलेल्या गुलाबावर परभक्षी कोळी का टिकले नाहीत

माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की लाल कोळी ही कीड खाणारे परभक्षी कोळी सोडून तीन आठवडे झाले, तरी गुलाबावरची त्या किडीची जाळी तशीच आहे आणि सोडलेल्यांपैकी एकही दिसत नाही. त्यापेक्षा आधी मारलेलं सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक बरं, असं तुमचं म्हणणं. शिवाय उद्या हेच कोळी गुलाब खाणार नाहीत कशावरून, हा प्रश्न.

गुलाब ते खाणार नाहीत. फायटोसीयुलस पर्सिमिलिस, म्हणजे तुम्ही सोडलेला परभक्षी कोळी, लाल कोळ्यावरच जगतो. तो संपला की उपाशी मरतो, नाहीतर दुसरीकडे निघून जातो. १९५८मध्ये चिलीहून आलेल्या ऑर्किडांबरोबर तो योगायोगानेच जर्मनीत पोचला आणि पुढे काचघरांमधल्या पिकांवर मुद्दाम सोडला जाऊ लागला.

तुमचं खरं नुकसान त्या फवारणीने केलं. माझ्या लेखात हे ठळकपणे यायला हवं होतं, ते राहिलं, ही माझी चूक. सायपरमेथ्रिनचा अंश पानांवर कित्येक आठवडे टिकतो आणि परभक्षी कोळ्यांना तो मारक असतो. लाल कोळी मात्र त्याला बरेचदा दाद देत नाही. उलट त्याचे शत्रू मेल्यामुळे तो दुप्पट जोमाने वाढतो. म्हणजे तुम्ही विकत आणलेले जीव विषारी पानांवर सोडले गेले.

दुसरं, जाळी लोंबायला लागल्यावर सोडणं म्हणजे उशीरच. आधी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा, फार खराब झालेली पानं काढून टाका. आणि हवा कोरडी असेल तर थांबा. आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली गेली की परभक्षीची अंडी सुकतात, लाल कोळ्याला मात्र तीच हवा मानवते.

एक कराल का? दहापट भिंग घेऊन एक पान उलटं धरा. अंगावर दोन काळे ठिपके, हालचाल मंद, आजूबाजूला काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी: हा लाल कोळी. नारिंगी, नासपतीच्या आकाराचा, सरसर पळणारा: तो आपला परभक्षी. त्याची अंडी लांबट आणि जवळपास दुप्पट मोठी असतात. तशी चार-दोन जरी दिसली, तरी पुन्हा विकत आणायची घाई करू नका.

पांढुरक्या ठिपक्यांची जुनी पानं परत हिरवी होणार नाहीत, तेव्हा फरक बघायचा तो नव्या पालवीत. शेवटची फवारणी नेमकी कधी केलीत ते कळवा, म्हणजे पुन्हा कधी सोडायचे ते ठरवता येईल.