अनुदान आलं की देणग्या आटतात?

‘सरकारी पैसा आला की देणगीदार पळतात, संस्था सरकारची मिंधी होते आणि फुकटचा पैसा अंगी लागत नाही.’ सेवाभावी संस्थांविषयीचा हा संदेश मला आतापर्यंत तिघांनी पाठवलाय. तिन्ही दाव्यांत थोडं थोडं तथ्य आहे, म्हणून तर तो इतका फिरतो.

देणगीदार पळतात, हा पहिला दावा. अमेरिकेतल्या हजारो संस्थांचे हिशोब तपासून जेम्स आंद्रेओनी आणि अबिगेल पेन यांनी २०११ मध्ये दाखवलं की अनुदानाच्या दर डॉलरमागे देणग्या सुमारे ७५ सेंटनी घटतात. संदेश पाठवणारे इथेच थांबतात. त्याच अभ्यासाचा पुढचा भाग असा, की ही घट मुख्यतः संस्थांनी स्वतःच निधी मागणं कमी केल्यामुळे होते. अनुदान मंजूर झालं की देणगीदारांना पत्रं जात नाहीत, फोन होत नाहीत, कार्यक्रम ‘पुढच्या वर्षी बघू’वर जातो. देणगीदाराला बिचाऱ्याला अनुदानाची बहुधा खबरही नसते. त्याच्याकडे कुणी मागायलाच आलं नाही, एवढंच. डी विट आणि बेकर्स यांनी २०१७ मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र मांडले. प्रयोगांमध्ये देणग्या डॉलरमागे सुमारे ६४ सेंटनी घटलेल्या दिसल्या, पण प्रत्यक्ष व्यवहाराच्या आकडेवारीत सरासरीने किंचित वाढच निघाली. सरसकट ‘पळतात’ म्हणायला आधार कुठाय?

मिंधेपणाचं म्हणणं मला निम्मं मान्य आहे. ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ या वैद्यकीय संस्थेने जून २०१६ मध्ये निर्वासितांबाबतच्या धोरणाच्या निषेधार्थ युरोपीय संघाचा आणि त्याच्या सदस्य देशांचा निधी नाकारला. तिला ते परवडलं, कारण तिचं ९० टक्क्यांहून अधिक उत्पन्न खासगी देणग्यांतून येत होतं. सगळी भिस्त एकाच दात्यावर असेल, तर तो दाता सरकार असो की धनाढ्य उद्योगपती, संस्थेची मान त्याच्याच हातात.

राहिला ‘फुकटचा’ पैसा. तो बऱ्याचदा आधी खर्च करा, पावत्या लावा, मग परतफेड मिळेल, अशा रीतीने येतो. कार्यालयाचं भाडं आणि हिशोबनिसाचा पगार अनेकदा त्यात बसत नाही, आणि हप्ता रखडला की कर्मचाऱ्यांचे पगार जुन्या देणग्यांच्या शिलकीतून निघतात. अर्थात, ती शिल्लक असली तर.