पिवळ्या मडगार्डचा पायलट बरा

गोव्यात पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल. ती म्हापशाच्या बाजारातून उचलते, दारात सोडते आणि वाटेत कुठेही ‘मॉड्यूल लोड झालं नाही’ म्हणत नाही. एवढ्यावर ज्यांचं भागत नाही ते माझ्यासारखे ऑर्बिटरच्या नादी लागतात. मार्टिन श्वाइगर यांनी २००० साली हा अवकाशयानांचा सिम्युलेटर फुकट देऊ केला आणि २०२१ मध्ये त्याचा सोर्सकोडही खुला केला. त्यामुळे चंद्रापर्यंतचा प्रवास फुकट. अंगाशी येतं ते अ‍ॅड-ऑन बिल्ड करणं, म्हणजे आपण लिहिलेल्या यानाच्या कोडची ऑर्बिटरला चालवता येईल अशी फाइल बनवणं.

बिल्ड दाबलं की एररचा आषाढ सुरू होतो. त्यातली फक्त पहिली वाचावी. बाकीच्या चवथीच्या पाहुण्यांसारख्या, तिच्या मागून आलेल्या. पहिली सी१०८३ असेल तर हेडर फाइल सापडलेली नाही. एसडीकेच्या, म्हणजे ऑर्बिटरसाठी लिहिणाऱ्यांना मिळणाऱ्या साहित्याच्या, इन्क्लूड फोल्डरचा पत्ता प्रोजेक्टला दिला की ती मुकाट्याने निघून जाते.

एलएनके२०१९ ही एरर जरा मानी. ती कळायला जत्रेतलं नाटक पाहिलेलं असावं. हेडर म्हणजे हस्तपत्रक: अमुक भूमिकेत अमुक फंक्शन. कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा कंपायलर तेवढं वाचून खूश होतो. सगळे तुकडे जोडणारा लिंकर मात्र पडदा उघडायच्या वेळी रंगपटात डोकावतो, तर नटाचा पत्ता नाही! नटमंडळी राहतात ऑर्बिटर डॉट लिब आणि ऑर्बिटरएसडीके डॉट लिब या लायब्ररींच्या दोन बिऱ्हाडांत. दोन्हींची नावं लिंकरच्या यादीत हवीत. एकाला बोलावून भागत नाही. एलएनके१११२ आली तर नट हजर आहे, पण गद्य नाटकाला गाणारा आलाय. म्हणजे यान ३२ बिटांचं आणि लायब्ररी ६४ बिटांची, किंवा उलट. ऑर्बिटर २०१६ हा ३२ बिटांचा. त्याच्यासाठी बांधायचं तर सगळंच ३२ बिटांचं बांधा. आणि बिल्डमधून निघणारी यानाची फाइल, म्हणजे डीएलएल, ‘लिहिता येत नाही’ अशी तक्रार असेल तर ऑर्बिटर मागे चालूच असतो. तो आधी बंद करा.

झाली एकदाची डीएलएल. ती मॉड्यूल्स फोल्डरात बसवली, की ऑर्बिटर डॉट लॉगमध्ये उमटतं: लोड झालं नाही, कोड १२६. या आकड्याचा विंडोजच्या भाषेतला अर्थ ‘मॉड्यूल सापडलं नाही’. अहो, ते समोर आहे! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हरवलेली असते ती या डीएलएलला लागणारी दुसरीच कुठली तरी डीएलएल. बहुतेकदा डीबग बिल्ड, म्हणजे चुका शोधण्यासाठीची आवृत्ती, मित्राला पाठवलेली असते. तिला नावाच्या शेवटी ‘डी’ असलेल्या रनटाइम फाइली लागतात आणि त्या व्हिज्युअल स्टुडिओ (बिल्ड करायचं हत्यार) असलेल्याच संगणकावर मिळतात. मित्राला नेहमी रिलीज बिल्ड, म्हणजे वाटण्यासाठीची आवृत्ती, द्यावी. कोड १९३ आला तर पुन्हा तेच ३२-६४चं रामायण.

माझ्या मते सगळ्यांत कावेबाज क्रॅश तो, जो फक्त कॅमेरा लांब जाऊन परत आला की होतो. कॅमेरा जवळ असेल तोवर ऑर्बिटर यानाचं दृश्यरूप मांडतो आणि लांब गेला की मोडून टाकतो. मांडल्या वेळी घेतलेला मेशचा (यानाच्या आकाराच्या जाळीचा) पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, तुम्ही जपून ठेवलेला असतो. जत्रा उठून गेल्यावर कालच्याच जागी खाजें घ्यायला जावं, तसा प्रोग्राम तिथे जातो आणि ०xसी००००००५, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याची एरर, घेऊन येतो. दृश्यरूप मोडल्याचा कॉलबॅक, म्हणजे ऑर्बिटरची हाक, येताच पॉइंटर शून्य करा आणि वापरण्याआधी दरवेळी तो शून्य नाही ना, ते बघा.

मग राहतो प्रश्न उभं राहण्याचा. २०१६च्या आवृत्तीत टेकबिंदूंना (यान जमिनीला जिथे टेकतं त्या बिंदूंना) ताठरपणा आणि डॅम्पिंग, म्हणजे उसळीला आवर, आलं, आणि जुनी यानं धावपट्टीवर बेडकासारखी उड्या मारू लागली. हिशेब वहीच्या मागच्या पानावर मावतो. १२ टनांचं यान, तीन पाय: प्रत्येक पायावर ४ टन, म्हणजे पृथ्वीवर सुमारे ३९,२०० न्यूटन. पाय ५ सेंटिमीटर दबावा असं वाटत असेल तर ताठरपणा ७,८४,००० न्यूटन प्रति मीटर. डॅम्पिंग म्हणजे ताठरपणा आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाची दुप्पट, १,१२,०००. पहिल्या तीन बिंदूंचा क्रम मात्र एसडीकेत सांगितलाय तसाच द्यावा. तो उलटा झाला तर वर कुठे आणि खाली कुठे हेच यानाला उलटं कळतं, आणि मग डॅम्पिंग कितीही अचूक असो, ते पाठीवर पडून चाकं आभाळाला दाखवतं.